सत्तेचाळिसावा दात

कालपासून हिरड्या ठणकताहेत. पण राग हिरड्यांचा नाही, त्या सहायक मुलीचा आहे.

गेलो होतो दातांच्या नुसत्या तपासणीला. मी मुद्रितशोधक, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात लाल खुणा करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ‘तपासणी’ शब्द मला घरचा वाटायचा. खुर्ची आडवी झाली तेव्हा लक्षात आलं, या वाक्यात मी कर्ता नाही, कर्म आहे.

डॉक्टरीणबाईंच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई होती. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती सरकवायची, किती आत जाते ते बघायचं. एक ते तीन भरलं तर ठीक, चारपासून पुढे ‘पॉकेट’, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट. एकेका दाताला सहा ठिकाणी. माझे दात अठ्ठावीस, अक्कलदाढा चारही गेल्या. म्हणजे १६८ वेळा टोचून घ्यायचं, तेही आ वासून.

“फोर-सेव्हन. तीन, तीन, पाच,” बाई म्हणाल्या.

“सत्तेचाळीस. तीन, तीन, पाच. बापरे!” मुलीने टाइप केलं.

बापरेकडे मी दुर्लक्ष केलं असतं. पण सत्तेचाळीस? माणसाला दात बत्तीस. माझ्यातला मुद्रितशोधक खडबडून उठला.

“अअं आ ईअ,” मी म्हणालो.

“काय म्हणताहेत?”

“तहान लागली असेल.”

दुखलं तर डावा हात वर करा, असं सांगितलेलं होतं. केला. तोंडातून आरसा निघाला.

“सत्तेचाळिसावा दात नसतो,” मी म्हणालो.

मुलीने माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला माझं वय आठवलं. “काका, सत्तेचाळीस म्हणजे चौथ्या भागातला सातवा. तोंडाचे चार भाग करतात ना! अठरानंतर डायरेक्ट एकवीस.”

“मग एकोणिसावा?”

“नसतोच.”

“आणि विसावा?”

“तोपण नाही. शेवटचा अठ्ठेचाळीस. पण तुमचा तो काढलाय.” हे तिने जरा कमीपणा दाखवल्यासारखंच सांगितलं. “आणि काका, सारखा हात वर करू नका. मॅडमचं माप चुकतं.”

माप चुकलं म्हणून सत्तेचाळीस पुन्हा मोजला. या खेपेला पाचाचे सहा निघाले. आमच्या धंद्यात दुसऱ्या प्रुफात चुका कमी होतात.

आता गंमत अशी की प्रूफ आणि प्रोब हे सख्खे भाऊ. दोघेही लॅटिन ‘प्रोबारे’चे, म्हणजे पारखून बघणे. आपल्याकडे सुश्रुताच्या शस्त्रांत अशाच सळईचं नाव एषणी. त्याच गोतावळ्यातलं अन्वेषण, आणि त्यातलंच गवेषणा. गवेषणा म्हणजे मुळात हरवलेल्या गाई शोधणं! विद्वान लोक प्रबंधात केवढ्या ऐटीत करतात ती. यातल्या ‘इष्’ धातूचे अर्थ दोन: शोधणे आणि इच्छिणे. माझ्या बाबतीत शोध आणि इच्छा दोन्ही बाईंची, हिरडी तेवढी माझी. अंतराळात धाडतात तोही प्रोबच. व्हॉयेजर-१ बिचारं १९७७ साली निघालं, इतक्या वर्षांत त्यानं कुणाला “अजून मोठा आ करा” म्हटलेलं नाही.

खरं सांगायचं तर टोचण्याचं काही नाही. तासभर ते आकडे माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेले. चार म्हणजे वाईट की फार वाईट, हे खुर्चीतल्या माणसाला कुणी सांगेना. पॉकेटचा अर्थ मी निघताना काउंटरवर विचारून घेतला. “रोज फ्लॉस करता का?” हा प्रश्न मात्र सळई आत असतानाच आला, आणि माझ्या “अँ”ची नोंद ‘नाही’ अशी झाली.

शेवटी मुलीने छापील तक्ता हातात ठेवला. पहिल्याच ओळीत ‘हीरड्या’. दीर्घ! मी तिथेच खिशातून लाल पेन काढलं.

“काका,” ती म्हणाली, “खाडाखोड नको. ते रेकॉर्ड आहे.”