कच्च्या बांबूच्या कोंबाचा रस पिऊ नका, तो मेसेज खोटा आहे

पावसाळा लागला की नागपुरात ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरतो. वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, कच्चा रस रोज उपाशीपोटी अर्धा कप घ्या, थायरॉईड जातो, गोळीची गरज राहत नाही, आदिवासी लोकं पिढ्यानपिढ्या हेच पितात. या वेळी तो माझ्या मावशीकडे आला, तिला थायरॉईड आहे, आणि ती मला फोनवर विचारून राहिली की मिक्सरमधून काढला तर चालेल काय. काहून असं लिहिता बाप्पा, कोणाच्या जिवावर उठलात?

बांबूच्या कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चिरला, ठेचला की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं, म्हणजे मिक्सरमध्ये फिरवून लगेच पिणं ही सगळ्यात वाईट पद्धत झाली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2004 मध्ये कसावा आणि बांबूच्या कोंबांवर अहवाल काढला, त्यात सरळ आहे की 20 मिनिटं उकळल्यावर सुमारे 70 टक्के सायनाइड जातं, जास्त वेळ उकळलं तर 96 टक्क्यांपर्यंत. आणि हे कच्चं प्यायला सांगतात! त्यात थायरॉईडवाल्यांना तर अजिबातच नको, कारण शरीर सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाही. म्हणजे ज्या आजारावर औषध म्हणून सांगता तोच वाढवता. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, विषय संपला.

आदिवासींचं नाव तर घेऊच नका. गडचिरोली, गोंदियाकडे वास्ते सोलून, बारीक चिरून, भिजवून, उकळून, पाणी फेकूनच भाजी होते, मणिपुरात आंबवून सोइबुम करतात. ही अक्कल त्यांचीच आहे, तुम्ही तीच पुसून टाकली.

बरं, वास्ते पौष्टिक आहेत एवढं खरं, फायबर भरपूर, पोटॅशियम आहे, फॅट नावाला. पण ते नीट शिजवलेल्या भाजीत.

मेसेजमधलं बाकीचं दोन ओळीत. वंशलोचन, म्हणजे बांबूच्या पोकळीत साठणारं पांढरं द्रव्य, म्हणजे शुद्ध कॅल्शियम, हे चूक, त्यात मुख्यतः सिलिका असते. आणि मेसेजच्या शेवटी फोटो आहे तो लकी बांबू, तो बांबूच नाही, ड्रसीना नावाचं शोभेचं झाड आहे, तो तर खायचाच नसतो.

कोणी कच्चा रस प्यायलं असेल आणि उलट्या, चक्कर, डोकेदुखी, धाप असं काही वाटलं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, थेट दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरला आधी सांगा.