राउटरला कुलूप

नववीतला मुलगा रात्री साडेअकराला पांघरुणात शिरतो आणि पांघरूण आतून निळं उजळतं, हे महिनाभर पाहून एका रविवारी मी कंबर कसली. फोन काढून घ्यावा, तर शाळेचा सगळा गृहपाठ त्यातच येतो. म्हणून ठरवलं, फोनला हात लावायचा नाही, घाव मुळावरच घालायचा. राउटरवर.

मी आयटीतला नाही. पण डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलने जातो. त्या गर्दीत थोडं आयटी अंगाला लागतंच. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकला. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. चार वर्षं आम्ही सेफ्टी डोअर लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवत होतो म्हणायचं.

आत जोडलेल्या उपकरणांची यादी. माणसं चार, उपकरणं अकरा! प्रत्येकापुढे त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे बारा अक्षर-आकड्यांची जन्मखूण. चिरंजीवांचा फोन शोधून ब्लॉक केला. आतून हाक आली, "बाबा, नेट गेलं!" वीस वर्षांच्या नोकरीत एवढं समाधान मिळालं नव्हतं.

सात मिनिटांनी हाका थांबल्या. यादीत एक नवाच पाहुणा आला होता. हल्लीच्या फोनला आपला मॅक अ‍ॅड्रेस लपवून भलताच सांगता येतो. ही सोय खरं तर मॉलच्या, विमानतळाच्या वायफायनं आपला माग काढू नये म्हणून. माझ्या घराचा विमानतळ झाला होता.

तोही पत्ता ब्लॉक करून थांबता आलं असतं. पण मला चेव चढला. नियमच उलटा केला: यादीत नाव असेल तोच आत, बाकी सगळे बाहेर. बायकोचा फोन, माझा फोन, टीव्ही. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते वहीत उतरवले, चष्मा पुसून टाइप केले आणि 'सेव्ह' दाबलं.

लॅपटॉपचं वायफाय गेलं. ज्याच्यावर बसून हा उद्योग चालला होता, तोच यादीत घालायचा राहिला होता. आमचे दोन्ही फोनही गेले, कारण मी उतरवले ते खरे पत्ते, आणि फोन राउटरला सांगत होते खोटे. अख्ख्या घरात चालू राहिला तो फक्त टीव्ही. चिरंजीव उशी घेऊन हॉलमध्ये आले आणि त्रेचाळीस इंचांवर यूट्यूब लावून बसले.

"झालं समाधान?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

मग मी राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. नियम पुसले गेले. त्यांच्याबरोबर इंटरनेटवाल्यानं भरून दिलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसला गेला. आता टीव्हीही बंद. इंटरनेटवाला म्हणाला, "साहेब, आज रविवार. उद्या बघतो."

ऑफिसातल्या साहेबांना एक मेल रात्री दहाच्या आत पाठवायचा होता, आणि माझ्या फोनचा डेटा पॅक कधीच संपला होता. शेवटी आईच्या खोलीत गेलो. तिला रोज २ जीबी मिळतात, त्यातले ती गुड मॉर्निंगच्या गुलाबांवर खर्चून उरतात किती तरी.

"आई, जरा हॉटस्पॉट चालू कर ना."

"चालूच असतो की रे," जपमाळ न थांबवता ती म्हणाली.

लॅपटॉपवर पाहिलं. 'आजीचा खाऊ' नावाचं नेटवर्क, भरपूर रेंज. पासवर्ड मागत होतं.

"पासवर्ड त्याला विचार," आई म्हणाली. "मला ते जमत नाही, सगळं तोच बघतो."

हॉलमध्ये आलो. चिरंजीवांनी उशीवरून मान वळवली.

"कशाला हवंय, बाबा? अर्धा तास पुरेल?"