अमर प्रेमाचं पथ्यपाणी

अमर प्रेम करायचंय ना? मग आधी जरा लांब सरका. किती लांब म्हणाल, तर कुसुमाग्रजांच्या पृथ्वीने माप घालून दिलंच आहे: सुमारे १५ कोटी किलोमीटर. युगानुयुगं ती सूर्याभोवती घिरट्या घालतेय, त्याच्या गळ्यात पडावंसं वाटतंय, पण पडत नाही. शहाणी आहे. पडली असती तर 'पृथ्वीचे प्रेमगीत' चार ओळींत आटोपलं असतं, आणि वाचायलाही कुणी उरलं नसतं.

दरम्यान सांगून आलेली स्थळं मात्र ओळीने नाकारायची. लाजून लाल झालेला मंगळ, केस पिंजारलेला धूमकेतू, पहाटेच दाराशी येऊन उभा राहणारा शुक्र. (शुक्राचं स्थळ खरं तर वाईट नव्हतं. अंगापिंडाने जोडीला जोड, घरही शेजारच्याच आळीत. फक्त घरात साडेचारशे अंशांच्या वर उकाडा.)

हाच शुक्र पुढे पाडगावकरांच्या 'शुक्रतारा मंद वारा'त संध्याकाळच्या पाळीवर लागला. त्याच्या साक्षीने प्रेम करणार असाल तर वेळापत्रक बघून ठेवा. आकाशात तो सूर्याला सोडून ४७ अंशांपलीकडे जातच नाही. म्हणजे सूर्य मावळला की फार तर तीनेक तासांत हाही गाशा गुंडाळतो; महिनोन् महिने तर संध्याकाळी फिरकतही नाही. तुम्ही ऑफिसातून सुटून, पुलाखालच्या ट्रॅफिकमधून वाट काढत, कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी पोचाल तेव्हा साक्षीदार पसार. तेव्हा हाफ डे टाका. मंद वाऱ्याबद्दल मात्र निश्चिंत असा. शुक्राच्या जमिनीवर वारा खरोखरच मंद असतो. वर ढगांत तो ताशी साडेतीनशे किलोमीटरने सुटलेला असतो, पण ते ढग गंधकाम्लाचे. तिकडे कशाला बघायचं?

आणि लवकर उरका. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जन्मोजन्मीच्या आणाभाका तेवढ्यात बसवायच्या. त्यापुढे थांबलात की कुणीतरी विचारतंच, "दूधवाल्याचे दिले का?"

आमचं तिथेच चुकलं. आम्ही लग्न केलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

परवा रविवारी संध्याकाळी मोबाइलवर तेच गाणं लावलं. ही येऊन शेजारी बसली. डोळे मिटलेले, मध्येच एक बोट उघडायची, मग बऱ्याच वेळाने दुसरं. ताल धरतेय असं समजून मी आवाज वाढवला. तिने डोळे उघडले.

"अहो, तुमच्या त्या गाण्यात माझी शिट्टी चुकली. तीन झाल्या की चार?"

"चार असाव्यात."

"तीनच असतील. डाळ जुनी आहे, आणखी एक होऊ दे."

मग आम्ही गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.