कथील रडतं, शिसं गप बसतं

मागच्या महिन्यात आमच्या जाऊबाईंनी पितळेची तीन पातेली आणली. निमित्त व्हॉट्सॲपचं. ॲल्युमिनियम म्हणजे विष, स्टीलमध्ये सत्त्व नाही, पितळ तेवढं आपल्या पूर्वजांचं, असा मेसेज आणि खाली चकचकीत भांड्यांचा फोटो. स्टीलची पातेली माळ्यावर गेली आणि त्याच दिवशी चिंच-गुळाची आमटी नव्या पातेल्यात चढली. आतून कथलाचा (टिनचा) थर, म्हणजे कल्हई, न करताच. रात्री झाकण काढलं तर कडेला हिरवट रेघ, आणि चव अशी की जुनं नाणं जिभेवर ठेवलंय. माझी आजी असती तर लांबूनच म्हणाली असती, "कळकली गं, ओतून दे." पूर्वजांची भांडी बाजारात मिळाली. दर दोन-तीन महिन्यांनी कल्हई करून घ्यायची त्यांची सवय तेवढी मेसेजात नव्हती.

मग कल्हईवाला शोधायची मोहीम. परभणीत आमच्या लहानपणी गल्लीतून "कल्हईऽऽ" अशी हाक यायची, आता चार जणांना विचारावं लागतं. शेवटी भंगाराच्या दुकानांच्या ओळीत एक चाचा सापडले, सत्तरी उलटलेले. पातेली टाकून मी परत येणार होते, पण बसलेच तिथं तासभर. भात्याचा फुसफुस आवाज, कोळसा लाल, भांडं तापलं की नवसागराची चिमूट, भसकन पांढरा धूर. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ती लोण्यासारखी ओघळते आणि कापसाच्या बोळ्यानं चाचा ती आतून फिरवतात. बघता बघता पिवळं भांडं चांदीचं.

मी सहज म्हणाले, "चाचा, पलीकडे एक जण निम्म्या पैशात करून देतो म्हणे." त्यांनी डब्यातून दोन कांड्या काढल्या. "ताई, कान इकडं करा." पहिली कांडी वाकवली तर करकर असा बारीक आवाज आला, कडक पापड दाबल्यासारखा. "हे कथील. वाकवलं की रडतं." दुसरी वाकवली. काहीच नाही. "ह्यात शिसं आहे. ते गप बसतं." मग ती दुसरी कांडी त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली.

मी आठवीला विज्ञान शिकवते. धातूंचे गुणधर्म वीस वर्षं फळ्यावर लिहितेय. कथील रडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हिशोब साधा आहे. कथील शिशापेक्षा दहा पटींहून महाग. वर शिसं मिसळलं की मिश्रण लवकर वितळतं. शुद्ध कथलाला २३२ अंश लागतात, अर्ध्याहून थोडं कमी शिसं घातलं की काम १८० च्या आसपास होतं. म्हणजे कोळसाही वाचतो. भांडं दिसायला तसंच चकाकतं. आणि त्यात चिंच, ताक, आमसूल, टोमॅटो असं आंबट शिजवलं की ते विषारी शिसं थोडं थोडं अन्नात उतरतं. तांब्या-पितळेचं कळकलेलं निदान जिभेला कळतं. शिशाला तशी चव नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण चकाकीचे आणि रंगाचे पैसे मोजतो, आणि शिसं त्याच वाटेनं घरात येतं. कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवणं सोपं आहे (आणि दाखवावंच). पण आमच्या घरात तर ते डब्यात, देवघरात आणि चुलीवर आहे.

हळदीचंच घ्या. माझं माहेर वसमत तालुक्यात. घरची हळद, सेलम जातीची. फाल्गुनात काढणी, मग शिजवणं, पंधरा दिवस उन्हात वाळवणं, ड्रममध्ये फिरवून साल घासून काढणं, आणि मग हळद हिंगोली नाहीतर वसमतच्या बाजारात. घरापुरती हळकुंडं आई बाजूला काढते, ड्रममध्ये न घालता गोणपाटावर घासते आणि दळून आम्हा सगळ्यांना पाठवते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. आणि त्याच वर्षी पुण्याच्या नणंदेचा फोन: "वहिनी, राग नको मानू, पण तुमच्याकडची हळद फिकी लागतेय. भाजीला रंगच चढत नाही. इथं दुकानातली कशी पिवळीधमक असते."

ती पिवळीधमक नेमकी कशानं येते? सगळ्याच पाकिटांत काही घातलेलं असतं असं नाही. पण लेड क्रोमेट नावाचा एक पिवळा रंग आहे, शिसं आणि क्रोमियम दोन्ही असलेला, रस्त्यावरचे पिवळे पट्टे रंगवायला वापरतात तो. बांगलादेशात १९८० च्या दशकात पूर आले, हळद नीट वाळेना, काळपट पडायला लागली. पॉलिश करणाऱ्यांनी ती झाकायला हा रंग मारायला सुरुवात केली. पुढं गिऱ्हाइकाला तोच रंग खरा वाटायला लागला आणि चांगल्या हळदीलाही तो मारणं भाग पडलं. २०१९ मध्ये संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं आणि हळदीतलं शिसं जुळवून दाखवलं. मग मात्र तिथल्या सरकारनं बाजारात धाडी घातल्या, दंड केले, गावोगाव सांगितलं. ४७ टक्के नमुन्यांत सापडणारं शिसं २०२१ पर्यंत शून्यावर आलं. हे वाचून मला आधी हेवा वाटला. दोन वर्षांत!

आपल्याकडे हळदीत किलोला १० मिलिग्रॅम शिशाची मर्यादा आहे. पाटण्याच्या बाजारातल्या हळदीत त्याच्या दोनशे पटींहून जास्त सापडल्याचं प्रसिद्ध झालंय. आमच्या हिंगोली-नांदेडच्या शेतकऱ्यावर मी बोट ठेवत नाही. त्याच्या हळदीला बाजारात भाव कशावर मिळतो ते जरा बघा म्हणते. लिलावात हळकुंड हातात घेऊन आधी रंग बघतात. आणि "आम्ही अख्खी हळकुंडं आणून दळतो" असं म्हणणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. बांगलादेशात रंग हळकुंडालाच मारत होते. मी तर मळकट, खरबरीत, साल चिकटलेली हळकुंडं मागते. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो. ग्लासात पाणी घेऊन हळद तपासायचा जो व्हिडिओ फिरतो, त्यातून शिशाचं प्रमाण कळत नाही. ते प्रयोगशाळेचंच काम.

आता शेंदूर. इथं काही जण चिडतील, माहीत आहे. खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. वजनाच्या सुमारे ९० टक्के शिसंच. आमच्या गावच्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर इतका चढलाय की त्याचे डोळे तेवढे दिसतात. शनिवारी तेल-शेंदूर झाला की तेच बोट लेकराच्या कपाळाला लागतं, आणि लेकराचा हात कपाळावरून सरळ तोंडात. मारुतीला खुशाल लावा. तो दगडाचा आहे, त्याला काही होत नाही. पण हात साबणानं धुतल्याशिवाय लेकराला घास भरवू नका. कुंकवाचंही तेच, हळद आणि चुन्याचं कुंकू कुठं आणि पुडीतला भडक लाल रंग कुठं. काळ्या सुरम्याचा दगड, गॅलेना, तोही शिशाचाच.

लेकरांवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर साधारण दहावा भाग अंगात मुरतो. लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जातो. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण शरीर शिशाला कॅल्शियमच समजून हाडात साठवतं, आणि ते तिथं वीस-तीस वर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं आणि त्याबरोबर हेही सुटतं. आणि रक्तात गेलेलं शिसं हिमोग्लोबिन नीट तयार होऊ देत नाही. म्हणजे ज्याच्या अंगात रक्त कमी, त्याच्या अंगात शिसं जास्त शिरतं, आणि शिसं शिरलं की रक्त आणखी कमी. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय निघाला होता. आम्ही शाळेत आठवड्याला लोहाच्या गोळ्या वाटतो, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळ्या. वाटायलाच हव्यात. पण हिमोग्लोबिन बघणाऱ्या कुणीही आजवर माझ्यासमोर एकाही मुलाच्या रक्तातलं शिसं बघितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक पोरगा होता. वडील जुन्या बॅटऱ्या फोडायचे. आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको, घरोघर इन्व्हर्टर, ट्रॅक्टर वेगळे, त्यामुळे धंदा बारमाही. घरामागंच कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची, आम्ल मातीत ओतायचं, पट्ट्या कढईत वितळवायच्या. धुळीचे तेच कपडे घरात, त्याच अंथरुणावर. पोरगं सतत पोट दुखतंय म्हणायचं, चिडायचं, फळ्याकडे दोन मिनिटं लक्ष ठरत नसे. आम्ही शिक्षक खोलीत त्याला "ठोंब्या" म्हणायचो. मीही म्हणायचे. पोटदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं आहेत हे मी नंतर वाचलं. त्याला शिशामुळेच तसं होत होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण कुणी तपासलंच नाही. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. तो शब्द मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातली सुमारे ८० कोटी मुलं, म्हणजे तिनातलं एक मूल, रक्तात घातक पातळीचं शिसं घेऊन जगतंय असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. मोठ्यांना काय होतं? रक्तदाब, किडनी, हृदय. शिशासारखाच आणखी एक विषारी धातू म्हणजे कॅडमियम. तंबाखूचं रोप तो जमिनीतून ओढून घेतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या आमच्या बाया-बापड्यांना दातांच्या पलीकडेही काळजी करायला जागा आहे. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

एक सल्ला हमखास वाचायला मिळतो: पितळी तोटीत थोडं शिसं असतं, म्हणून सकाळी नळाचं पहिलं पाणी सोडून द्यावं. शास्त्र बरोबर आहे. पण आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते या सल्लागारांना कुणीतरी सांगा. मी पहिली बादली भरते आणि ती फरशी पुसायला ठेवते. एवढं जमतं.

हे सगळं लिहिताना निराशेचा सूर लागू नये म्हणून एक आठवण. आपल्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, २००० साली ते देशभर बंद झालं. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. सरकारनं ठरवलं की होतं. मग मसाल्याच्या बाजारात नियमित नमुने आणि जिल्हा रुग्णालयात मुलांची शिशाची रक्ततपासणी, एवढं मागायला काय हरकत आहे? आपापल्या आमदारांना विचारा. मी विचारलं. "बघतो ताई," म्हणाले.

जाऊबाईंची दोन पातेली चाचांनी रडणाऱ्या कथलानं करून दिली. तिसऱ्याला भोक निघालं, नव्या भांड्याला! चाचा म्हणाले, यात कुंडी करा. त्यात आता तुळस आहे. चाचांकडे मोबाईल नाही, पुढची कल्हई दिवाळीच्या आधी करायची तर पुन्हा त्या ओळीत जाऊनच हाक मारावी लागेल. आमटी सध्या माळ्यावरून उतरवलेल्या स्टीलच्या पातेल्यात होते. आणि नणंदेला यंदाही आईचीच फिकी हळद पाठवलीय, दोन किलो.