आफ्रिकेची कला युरोपने ‘वाचवली’ नाही

चित्रकलेच्या ग्रुप्सवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: आफ्रिकेतले लोक जुने मुखवटे आणि मूर्ती फेकून द्यायचे, युरोपने त्या गोळा करून वाचवल्या. त्या घडवणाऱ्या निनावी कारागिरांना आपण कला करतोय हेही ठाऊक नव्हतं, पिकासोने तिला मान मिळवून दिला. फ्रेंच चित्रकार गोगँ सगळं सोडून पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाच्या अस्पर्श स्वर्गात तिथल्या लोकांसारखा राहिला. आणि आता युरोप सगळं परत करतोय, तेव्हा साम्राज्यवादाचं रडगाणं बंद करा. माझी भाची कलामहाविद्यालयात शिकते. तिने हा मजकूर आधुनिक कलेवरच्या निबंधासाठी बाजूला काढून ठेवला आणि मलाही पाठवला, “मामा, किती छान लिहिलंय बघ.” म्हणून हे उत्तर.

सगळ्यात विषारी दावा ‘फेकून दिलेल्या’ वस्तूंचा आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौज आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहरात घुसली. महिनाभर आधी एका ब्रिटिश पथकातली बहुतेक माणसं मारली गेली होती, त्याचा सूड म्हणून. राजवाडा लुटला, शहर जळलं, राजा ओवोनरामवेनला हद्दपार केलं. पितळी फलक, राजमस्तकं, कोरीव हस्तिदंत अशा हजारो वस्तू नेल्या आणि मोहिमेचा खर्च भरून काढायला त्यातल्या बऱ्याच विकल्या. त्या फलकांवर त्या दरबाराचा इतिहास ओतलेला होता. इतिहास कोण फेकून देतं?

सैनिकांनी लुटलं, अभ्यासकांनी मात्र जपलं, असा बचाव लगेच येतो. त्याला उत्तर खुद्द एका फ्रेंच माणसाने देऊन ठेवलंय. मिशेल लेरिस हा कवी, पुढे पिकासोचा जवळचा मित्र. १९३१ ते १९३३ या काळात फ्रेंच सरकारच्या पाठबळावर आफ्रिकेतल्या वस्तू गोळा करायला निघालेल्या डाकार-जिबुती मोहिमेचा तो चिटणीस होता. मोहिमेचा प्रमुख मार्सेल ग्रिऑल, मानववंशशास्त्रज्ञ. लेरिसने रोज डायरी लिहिली आणि १९३४ मध्ये ती छापली. सप्टेंबर १९३१ ची नोंद वाचा. आजच्या मालीतल्या एका गावात ‘कोनो’ या पंथाची पूजावस्तू त्यांना हवी होती. गावकरी देईनात. तेव्हा ग्रिऑलने गावच्या मुखियाला सांगितलं की दहा फ्रँक घे आणि ती दे, नाहीतर गाडीत लपलेले पोलीस तुला आणि गावातल्या प्रतिष्ठितांना धरून नेतील. गाडीत पोलीस नव्हतेच. ‘भयंकर ब्लॅकमेल’ हे शब्द लेरिसचेच आहेत. गावातलं कुणी त्या वस्तूला हात लावायला धजेना, म्हणून ग्रिऑल आणि लेरिस स्वतः पूजेच्या झोपडीत शिरले, ती ताडपत्रीत गुंडाळली, मुखियाला दहा फ्रँक दिले आणि घाईघाईने निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात पुन्हा तेच. बळींच्या रक्ताची पुटं चढलेली, किमान पंधरा किलोची मूर्ती तिथून उचलली. ती आज पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात आहे.

हे पिकासोच्या ‘आविन्यॉच्या तरुणी’ या १९०७ मधल्या, मुखवट्यांसारखे चेहरे असलेल्या गाजलेल्या चित्रानंतर चोवीस वर्षांनी घडलं, हे मला ठाऊक आहे. पण परवाने घेऊन, नोंदवह्या ठेवून काम करणारी माणसं जर असं वागत होती, तर त्याआधी बंदुका घेऊन आलेल्यांनी काय केलं असेल? अंदाज करायचीही गरज नाही. १८९२ मध्ये फ्रेंच जनरल डॉड्सने पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याची राजधानी आबोमे घेतली आणि तिथल्या राजांचे पुतळे पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयाला देऊन टाकले. १९०७ मध्ये पिकासो मुखवटे बघायला गेला तो याच संग्रहालयात. साम्राज्याचा संबंध तो हा. सैन्य गेलं नसतं, तर त्या दालनात त्याला हे काही दिसलं नसतं.

आता ‘निनावी कारागीर’. दाहोमेच्या राजासाठी गू या लोहदेवतेची भव्य लोखंडी मूर्ती घडवणाऱ्याचं नाव अकाती एकप्लेकेन्दो. नायजेरियातल्या योरुबा समाजातला शिल्पकार, इसे गावचा ओलोवे, १९३८ पर्यंत हयात होता. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने कोरलेल्या दारांवर खुद्द ब्रिटिश अधिकारी आहे, मजुरांनी वाहून आणलेल्या झोळीतून राजाच्या भेटीला आलेला. सत्ता कोणाची आणि ती कशी येते, हे बघून, समजून लाकडात उतरवणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं? बाकीचे निनावी झाले, कारण वस्तू नेणाऱ्यांनी नाव विचारलं नाही.

‘पिकासोने मान मिळवून दिला’ यात अर्धं सत्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. ज्या वस्तू पॅरिसमध्ये नुसत्या चमत्कारिक नमुने म्हणून मांडल्या जात, त्यांच्याकडे त्याने आणि मातीस या फ्रेंच चित्रकाराने शिल्प म्हणून पाहिलं, त्या विकत घेतल्या, त्यांच्यापासून शिकले. १९३१ मध्ये पॅरिसमधल्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) कवी-कलावंतांनी तर ‘वसाहतींच्या प्रदर्शनाला जाऊ नका’ असं पत्रक काढलं. पण १९२० मध्ये एका नियतकालिकाने आफ्रिकन कलेबद्दल विचारलं, तेव्हा याच पिकासोचं उत्तर होतं, “माहीत नाही!” ज्याच्याकडून घेतलं त्याला नाकारणं, हा मान नव्हे.

गोगँबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ताहिती १८८० पासून फ्रेंच वसाहत होती, आणि १८९१ मध्ये तो गेला तो सरकारी पत्र घेऊन. तिथल्या बायका तोवर मिशनऱ्यांनी शिकवलेले पायघोळ झगे घालत होत्या. त्याने सांगितलेल्या ताहितीच्या दंतकथांपैकी बऱ्याच १८३७ च्या एका फ्रेंच पुस्तकातून उतरवलेल्या आहेत. ज्या तेहामानाला त्याने बायको म्हटलं, ती तेरा वर्षांच्या आसपासची मुलगी होती.

राहिलं ‘सगळं परत करतायत’. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मागवलेल्या २०१८ च्या सार-सावॉय अहवालानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या सुमारे ९०,००० वस्तू फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत आहेत. डॉड्सने नेलेल्यांपैकी २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिन देशात, म्हणजे जुन्या दाहोमेत (नायजेरियातलं बेनिन शहर वेगळं) परत गेल्या, त्याही त्यासाठी वेगळा कायदा करून. अकाती एकप्लेकेन्दोची गू-मूर्ती त्या २६ मध्ये नव्हती.