पेपर नाही, रोलर खराब आहे

"पेपरला ओल आहे मॅडम." आमच्या पतसंस्थेच्या झेरॉक्स मशीनमध्ये पानं अडकतात म्हणून तक्रार केली, तर हे एवढं एक वाक्य बोलायला कंपनीचा तंत्रज्ञ कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आला, तेही आमचे फोन करून करून घसे बसल्यावर, आणि समोर ठेवलेला चहा संपायच्या आत परत निघालासुद्धा.

अहो श्रावण चाललाय, संगमेश्वर तालुका आहे, इथे मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, जांभ्याच्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पेपरला ओल नाही तर काय असणार? वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे, आजचा नाही पडत, तुमची कंपनी जन्मायच्या आधीपासून पडतोय. मशीन विकायला आलात तेव्हा छत्री घेऊनच आला होतात ना?

आणि केलं काय तर ट्रे ओढला, वरची पानं उचलली, एक पान माझ्यासमोर धरून त्याचा वळलेला कोपरा दाखवला, ट्रे धाडकन आत ढकलला आणि सर्व्हिस रिपोर्ट काढून लिहिलं, "पेपर क्वालिटी इश्यू, मशीन ओके". इथे सही करा. मशीन ओके! एक टेस्ट कॉपी तरी काढायची! मी म्हटलं दादा, निदान पान आत ओढणारा तो रबरी रोलर तरी बघा. तर म्हणे रोलर चालू आहे, फिरतोय ना. फिरतोय हो, फिरतोच आहे, जागच्या जागी गरगर फिरतोय आणि पान हलत नाही हीच तर तक्रार आहे!

मग मीच ट्रे पूर्ण बाहेर काढला, मोबाईलचा टॉर्च मारला आणि त्याला वाकून बघायला लावलं. नवीन पिकअप रोलरवर बारीक खाचा असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. ह्याच्यावर एका बाजूच्या खाचा पूर्ण गेल्यात, रबर चकाकतंय, आणि उरलेल्या खाचांत कागदाची पांढरी भुकटी भरलीय. ती मी स्वतः ओल्या सुती फडक्याने पुसते, पुसल्यावर जरा बरं चालतं, मग पुन्हा पान थोडं पुढे जातं, घसरतं, किर्र किर्र आवाज आणि जॅम. नाहीतर एकदम दोन-तीन पानं खेचतं. रोलरने वरचं पान ओढायचं आणि सेपरेशन पॅडने त्याच्या खालचं पान अडवायचं, एवढं साधं काम आहे दोघांचं. पॅडचं रबर गुळगुळीत झालं की तो काय अडवणार? ओलीने पानं एकमेकांना चिकटतात हे मला शिकवायची गरज नाही, मी रोज रीम फोडल्यावर पानं पंख्यासारखी फिरवून सुटी करूनच ट्रेमध्ये भरते, ट्रेमधल्या कमाल मर्यादेच्या रेषेच्या वर एक पान भरत नाही, बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकवते, वळलेली बाजू उलटी करून बघते. अजून काय करायचं कस्टमरने? इस्त्री?

यावर उत्तर काय, तर "रोलर कन्झ्युमेबलमध्ये येतो, एएमसीत नाही", म्हणजे तो झिजणाऱ्या सामानात धरतात, वर्षाच्या देखभाल करारात नाही. म्हणजे रोलर गेलाय हे मान्य आहे! मग रिपोर्टवर का नाही लिहिलंत? पेपरचं कारण का लिहिलंत? आणि पुढचं तर मला सांगितलंच नाही हं, तक्रार मी नोंदवलेली, मशीनसमोर मी उभी, हात काळे माझे, आणि हा केबिनच्या दारात जाऊन साहेबांना सांगतो, "सर, मॅडमना जरा पेपर नीट ठेवायला सांगा." साहेबांनी आजपर्यंत तो ट्रे कधी उघडलेला नाही. माझं डोकं तिथे सटकलं.

आता मुद्द्याचं बोलते. बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की हवेतली आर्द्रता जास्तीत जास्त 80 टक्के. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ती दिवसचे दिवस 85 च्या वरच असते. म्हणजे तुमच्याच पुस्तकाप्रमाणे हे मशीन पावसाळाभर इथे चालायलाच नको, आणि हे तुम्हाला विकताना माहीत होतं. यावर उपायही आहे! बऱ्याच ऑफिस मशीनना ट्रेपाशी हीटर बसवता येतो, कागद सादळू नये म्हणूनच तो असतो, कॅसेट हीटर म्हणा, डीह्युमिडिफायर हीटर म्हणा. पण तो ऑप्शनल. कोकणात ऑप्शनल! विकणाऱ्याने त्याचं नाव काढलं नाही, कोटेशनमध्ये ओळ नाही, डेमो दिला तो एप्रिलच्या उन्हात, सटासट पानं येत होती. आणि असे हीटर मशीन बंद असताना रात्री काम करतात, म्हणजे भिंतीवरचं बटण चालू ठेवावं लागतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळी बटणं बंद होतात, विजांच्या दिवसांत तर प्लगच काढून ठेवावा लागतो, शिपाईमामा इमानाने करतात. ज्यांनी सांगायचं ते कधी काही सांगत नाहीत, आणि उद्या हीटर बसवला तरी पुन्हा आमच्याच नावाने रिपोर्ट फाडतील.

डुप्लेक्सचं, म्हणजे पाठपोट छपाईचं तर बोलूच नका. पहिली बाजू छापताना पान टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरमधून जातं, तिथे पावणेदोनशे-दोनशे डिग्रीची उष्णता, ओल्या कागदातलं पाणी झटकन उडतं, पान वळतं, आणि ते वळलेलं पान दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा आत जायला बघतं. जाईल? ते बरोबर मधल्या वळणावर अडकतं, चुरगळून पंखा होऊन. आणि आमचा वार्षिक अहवाल पाठपोट. पतसंस्थेची सर्वसाधारण सभा कायद्याने 30 सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, नोटीस 14 दिवस आधी सभासदांच्या हातात पाहिजे, मध्ये गणपती, गणपतीत इथे कोण कामावर असतं सांगा, म्हणजे छपाई आत्ताच. ताळेबंदाचं पान मागे-पुढे असं अर्धवट पडून आहे, समोर नफा-तोटा आणि मागे कोरं.

ह्यात ऑफिसातल्या माणसांनी घातलेली भर वेगळी. पान अडकलं की मागच्या मागे खेचायचं नसतं, कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू काढायचा. नाही, आमच्याकडे कर्जविभाग हिसका मारतो, पान फाटतं, तुकडा आत राहतो आणि हे लोक दार लावून जागेवर जाऊन बसतात, जॅम कोणाचा तर ज्याला पुढची कॉपी हवी त्याचा. परवा मशीन जॅम जॅम ओरडत होतं, आत एक पान नाही. सगळी दारं उघडून बघितली. शेवटी आत सेन्सरची एक काळी प्लॅस्टिकची जीभ असते ना, नखाएवढी, पान गेलं की ती खाली पडली पाहिजे, तिच्या खाली पासबुकाच्या झेरॉक्सचा त्रिकोणी तुकडा दुमडून बसला होता. जीभ वरच, म्हणून मशीनला वाटत होतं पान आहे. चिमट्याने काढला तेव्हा चालू झालं. आणि वरच्या फीडरमध्ये स्टेपलसकट कागद घालणारे महाभाग! पिन काढायला नखं झिजतात का? काच ओरखडली की मग प्रत्येक कॉपीवर उभी काळी रेघ, आणि सभासद विचारतात मॅडम ही रेघ कसली. उघडी रीम खिडकीखाली फरशीवर ठेवणाऱ्यांना तर माझा हात जोडून नमस्कार. त्या रीमच्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो म्हणूनच ती फोडेपर्यंत कोरडी राहते, अर्धी वापरली की वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा, शंभर वेळा कागद लावला मशीनवर, तो कागदसुद्धा कोणीतरी फाडून पाठकोरा म्हणून वापरला.

स्वस्त पेपर आणायचा सल्लाही वरूनच येतो. 70 जीएसएमचा, म्हणजे पातळ कागदाचा गठ्ठा आणायचा, दोन पैसे वाचवायचे, आणि टोनरमध्ये, वाया गेलेल्या पानांत, माझ्या दुपारीत ते सगळे घालवायचे. रोलरचा पार्ट मागवला तर तो म्हणे मुंबईहून येणार. मुंबईहून! म्हणजे मुंबई-गोवा हायवेने, ज्याचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. कोल्हापूरच्या माणसाला पावसात घाटाचं कारण, मुंबईच्या पार्टला हायवेचं कारण, आणि आम्ही मध्ये बसून पानं पंख्याने वाळवायची. एएमसीचे पैसे भरायला मात्र एक दिवस उशीर झाला तर लगेच फोन येतो, तेव्हा घाट आडवा येत नाही.

मी सही केलेली नाही. रिपोर्टवर त्याच्या ओळीच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलंय: पिकअप रोलर आणि सेपरेशन पॅड झिजलेले आहेत, तंत्रज्ञाला दाखवले, टेस्ट कॉपी काढली नाही. त्याचा फोटो काढून ठेवलाय. रोलरचाही काढलाय, टॉर्च मारून, जवळून. उद्या दोन्ही फोटोंसकट लेखी पत्र जातंय, रोलर, पॅड आणि हीटर तिन्हीचं कोटेशन द्या, आणि विकताना हीटरबद्दल का सांगितलं नाही त्याचं उत्तर द्या म्हणून. साहेब म्हणाले जाऊ दे, कशाला वाकड्यात शिरता. मी म्हटलं एएमसीच्या पुढच्या हप्त्याचं व्हाउचर माझ्या टेबलावरून जातं, उत्तर आल्याशिवाय ते जाणार नाही. तोपर्यंत अहवाल बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे टाकलाय, त्याचं बिलही ह्यांनाच पाठवणार आहे.