सॉलोमन बेटांचा फुटसाल संघ आणि ३१-२ चा फॉरवर्ड

फुटसालचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलचा, विश्वचषक आला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होत फिरायला लागतो. त्याचा आशय असा: रशियाने प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांना ३१-२ असं धुतलं होतं, हीच त्या संघाची खरी लायकी, सात लाख वस्तीच्या देशाला ओशनियाच्या (न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातल्या बेटांच्या विभागाच्या) कोट्यातून फुकटात तिकीट मिळतं, मार खाऊन त्यांच्या खेळाचं काही भलं होत नाही. शेवटी आपल्याकडच्या कुणीतरी जोडलेलं शेपूट असतं: ‘आपली टर्फवरची पोरंसुद्धा यांना हरवतील.’

३१-२ हा आकडा खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. २००८ साली ब्राझीलमध्ये झालेल्या स्पर्धेत हे घडलं. जन्माने ब्राझिलियन असलेल्या पुला या रशियन खेळाडूने त्या एका सामन्यात ९ गोल केले. त्याच गटात ब्राझीलने २१, क्यूबाने १० आणि जपानने ७ गोल चढवले. चार सामन्यांत ६९ गोल खाल्ले, केले ६. सॉलोमनचा तो पहिलाच विश्वचषक होता.

पण हा आकडा फुटबॉलच्या डोळ्यांनी वाचला की घोळ होतो. फुटसालमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. म्हणजे खेळ खरोखर चाळीस मिनिटं होतो. फुटबॉलमध्ये दुबळा संघ दहा जणांची भिंत गोलसमोर उभी करतो, थ्रो-इन घ्यायला रमतगमत जातो, गोलरक्षक बुटाची नाडी बांधत बसतो. इथे गोलरक्षक धरून पाचच खेळाडू, आणि किक घ्यायला चार सेकंद. धसमुसळेपणा करून थोपवायचं म्हटलं, तर एका हाफमधल्या सहाव्या फाउलपासून समोर भिंत न लावता थेट फ्री किक बसते. वर बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे तगड्या संघाचे पाय ताजेच राहतात. दोन संघांत फरक असेल तर तो इथे लपत नाही, उलट फुगून दिसतो. हे ठाऊक असलेला माणूस ३१ गोल बघून हळहळेल, पण त्यावरून लायकी काढणार नाही.

लायकीचंच काढायचं तर ग्वाटेमालाची गोष्ट ऐका, कारण ती या फॉरवर्डमध्ये कधीच नसते. २००० साली ग्वाटेमालाने स्वतःच्या घरी विश्वचषक भरवला आणि तिथे, घरच्या प्रेक्षकांसमोर, ब्राझीलकडून २९-२ ने मार खाल्ला. सॉलोमनपेक्षा कितीतरी मोठा देश, यजमानपदाचा मान, आणि हा निकाल. म्हणून त्यांना कुणी ‘मार खायला येणारे’ म्हटलं नाही. २०१२ साली थायलंडमध्ये हेच ग्वाटेमाला सॉलोमनच्या गटात आलं. त्या गटात रशियाने सॉलोमनला पुन्हा १६-० ने हरवलं, कोलंबियाने ११-३ ने. आणि ग्वाटेमालाविरुद्ध सॉलोमन ४-३ ने जिंकलं! रशिया सगळे सामने जिंकून वर गेला आणि खाली कोलंबिया, ग्वाटेमाला, सॉलोमन तिघांचे गुण सारखे, तीन-तीन. गोलांच्या हिशोबात पुढे गेलेल्या कोलंबियाने त्या स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. ३१-२ नंतर अवघ्या चार वर्षांत हे झालं.

फुकट तिकिटाचा मुद्दा तर उलटाच आहे. २०१२ पासून विश्वचषकात २४ संघ खेळतात; त्यात ओशनियाची जागा एकच. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियाच्या फुटबॉल महासंघात गेलं हे नशीब म्हणा हवं तर, कारण त्याआधी ती जागा ऑस्ट्रेलियाच घेऊन जात असे. पण न्यूझीलंड तर तिथेच होतं. पन्नास लाखांचा, पैसेवाला, रग्बीबरोबर फुटबॉलही खेळणारा देश. त्याला मागे टाकून होनियाराचा (सॉलोमनच्या राजधानीचा) हा संघ २००८, २०१२, २०१६ आणि २०२१ असा सलग चार वेळा विश्वचषकाला गेला. तिकीट फुकट असतं तर ते २०२४ लाही मिळालं असतं. मिळालं नाही. २०२३ ची ओशनिया स्पर्धा न्यूझीलंडने जिंकली आणि उझबेकिस्तानातल्या २०२४ च्या विश्वचषकाला तेच गेले.

‘भलं होत नाही’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. हा संघ बाद फेरीत कधी पोचलेला नाही, आणि लिथुआनियातल्या २०२१ च्या स्पर्धेत मोरोक्कोकडून ६-०, पोर्तुगालकडून ७-०, थायलंडकडून ९-४ असे तिन्ही सामने हरला. पण खाल्लेल्या गोलांची सरासरी पाहा: २००८ मध्ये सामन्याला सतराच्या वर, २०१२ मध्ये दहा, २०२१ मध्ये साधारण सात. २०२१ मध्ये यांना हरवणारं पोर्तुगाल तर त्याच स्पर्धेत पुढे विश्वविजेतं झालं. सॉलोमनच्या संघातून लिथुआनियाला गेलेला रफाएल लेआई पुढच्याच वर्षी बोस्नियातल्या वेलेझ मोस्तार या व्यावसायिक फुटबॉल क्लबात दाखल झाला. होनियारातून युरोपातल्या क्लबात जाणं किती दुर्मीळ आहे, हे भल्याचा हिशोब मागणाऱ्यांनी आधी बघावं.

राहिली आपली टर्फवरची पोरं. मुंबई-पुण्यात गच्चीवर, पुलाखाली, जाळी लावून जे तासाच्या भाड्याने चालतं ते झकास असतं, पण फुटसाल नसतं. फुटसालचा चेंडू लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा. मैदान गुळगुळीत, कडेला जाळी नाही, रेषा. जाळीवर चेंडू आपटून परत घ्यायची सवय इथे पहिल्याच मिनिटाला नडते. २०१६ मध्ये आपल्याकडच्या एका व्यावसायिक फुटसाल लीगमध्ये ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डिन्यो याने गोव्याच्या जर्सीत एका सामन्यात पाच गोल केले, टाळ्या पडल्या. ती लीग दोनच हंगाम टिकली. भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला २०२३ मध्ये, आणि तिथूनच परतला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिल्लीत आपली पहिली राष्ट्रीय क्लब स्पर्धा झाली. सॉलोमनचा संघ तोवर चौथा विश्वचषक खेळून घरी पोचला होता.